पंचगंगेची वही

मार्चच्या अंकात मी पंचगंगा नदीवरच्या आमच्या गावच्या बंधाऱ्यावरच्या वहीबद्दल लिहिलं होतं. आम्ही नऊजण, पाच बायका आणि चार पोरं, पाळीपाळीने रोज पहाटे पाणी बघतो आणि दोन ओळी लिहून ठेवतो, एवढंच त्यात होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते. पत्रं थोडी आटोपती घेतली आहेत.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातला शेतकरी, वय २८. आमच्या बंधाऱ्यात दरवर्षी दोन-तीनदा तरी काळं, वासाचं पाणी येतं. मासे तडफडतात. आम्ही फोन करतो, साहेब लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, तोवर पाणी पुढं गेलेलं असतं. मग कळतं, नमुना मर्यादेत आहे. आंदोलनं करून पोरं दमली. आता काय करावं?

उत्तर : "तोवर पाणी पुढं गेलेलं असतं" या तुझ्या ओळीखाली मी रेघ मारून ठेवली आहे बाळा. सगळी अडचण तिथंच आहे. नदी थांबत नाही, आणि आपण जागे होतो ते मासे तरंगल्यावर.

मासे का मरतात ते आधी नीट समजून घे, कारण कधी धावायचं ते त्यावरून ठरतं. पुष्कळदा माशाला विष बाधलेलं नसतं, त्याचा श्वास कोंडलेला असतो. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात हवेतून विरघळून फार तर साडेसात मिलिग्रॅम दर लिटर इतकाच ऑक्सिजन मावतो. सांडपाणी किंवा साखर कारखान्याची मळी असं काही कुजणारं आलं की ते कुजवणारे जिवाणू हाच ऑक्सिजन संपवतात. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष किमान ५ मिलिग्रॅमचा आहे. पाण्यातला ऑक्सिजन दोनच्या खाली उतरला की बहुतेक मासे तोंड वर काढून आ करायला लागतात. दिवसा शेवाळ उन्हावर थोडा ऑक्सिजन तयार करतं, रात्री मात्र तेही पाण्यातलाच ऑक्सिजन घेतं. म्हणून पहाट ही नदीची सगळ्यात वाईट वेळ. दुपारी बाराला घेतलेल्या नमुन्यात त्याच पाण्याचा ऑक्सिजन वाढलेला दिसू शकतो, कुणी काही लबाडी केली नसली तरी.

त्यात आपले कोल्हापुरी बंधारे. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे म्हणजे आडव्या फळ्या बसवतात, पाणी अडतं आणि त्यावर ऊस जगतो. पण अडलेल्या पाण्यात वरून आलेला मैलाही तळाला बसतो आणि कुजत राहतो. वर केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरली की उजेड आणि वारा दोन्ही तुटतात. मग कधी बरगे काढले किंवा वळवाचा मोठा पाऊस झाला की तळातला काळा गाळ एकदम खालच्या गावाच्या पदरात. म्हणजे तुझ्याकडे आलेलं काळं पाणी त्याच दिवशी कुणी सोडलेलं असेल, नाहीतर महिनाभर साठलेलं असेल. या दोन्ही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. कुठलं दुखणं आहे ते ओळखायला वही लागते.

मला हे कळलं त्या दिवसाचं सांगते. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत मी हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं शिकवली. काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइडचं द्रावण तळाशी सोडायचं, बूच लावून हलवायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पोरांना मी नेहमी तपकिरीच दाखवला. पांढरा असतो असं सांगायचे, पाहिला कधीच नव्हता. निवृत्त झाल्यानंतरच्या मे महिन्यात एका पहाटे सव्वापाचला आमच्या घाटावर मी बाटली हलवली आणि आत नासलेल्या दुधासारखा पांढराफेक साका उतरला. सोबत आठवीतली एक मुलगी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, म्हणजे संपला?" पायरीच्या कडेला चिलापीची पिल्लं पाण्याला तोंड लावून उभी होती. मेली नव्हती. आम्ही त्याच मिनिटाला फोन केला, पाटबंधारे खात्याला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला. मासे मरायच्या आधी गेलेला तो आमचा पहिला फोन. अधिकारी दुपारी आले आणि पाणी अजून आमच्याच बंधाऱ्यात होतं.

आता तुझ्या गावाचं. शंभर पानी वही घे. रोज एकाच जागी, एकाच वेळी, शक्यतो उजाडताना जायचं. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस, केंदाळ किती, मासे वर आलेत का, बरगे आहेत की काढलेत, पाणी वाहतंय की थांबलंय, हे लिहायचं. साधा तापमापक आणि पीएचच्या पट्ट्या मिळाल्या तर उत्तम, नसतील तरी अडत नाही. चांगल्या दिवसाची नोंद सगळ्यात महत्त्वाची. पोरांना तीच कंटाळवाणी वाटते आणि पंधरा दिवसांत वही बंद पडते. पण रोजचं पाणी कसं असतं हे लिहिलेलं नसेल, तर आजचं वाईट आहे हे तू कुणाला कशावरून दाखवणार?

एका गावाच्या वहीने वास कळतो, उगम कळत नाही. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. बंधारे पाण्याखाली गेले की पावसाळ्यात ही नावं रोज पेपरात येतात. उन्हाळ्यात याच बंधाऱ्यांवर एकेक माणूस वही घेऊन उभा राहिला तर काय होईल बघ. रुईला पहाटे पाणी नितळ आणि इचलकरंजीला काळं, तर शोध त्या मधल्या पट्ट्यात घ्यायचा. दोन्हीकडे काळं असेल तर आणखी वर जायचं. वरच्या गावाने पाणी काळं झाल्याची वेळ फोनवर कळवली की खालच्या गावाला तयारीला अर्धा-एक दिवससुद्धा मिळतो. आम्ही वरच्या दोन आणि खालच्या एका गावाशी अशी साखळी बांधली आहे. तिच्यात तुमचं गाव आलं तर मला फार आनंद होईल.

नमुन्याचं नीट लक्षात ठेव. पाणी प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ सालचा आहे. त्याच्या २१व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या किंवा नाल्याच्या सांडपाण्याचा कोर्टात टिकणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच ठरलेल्या रीतीने, समोरच्याला नोटीस देऊन, बाटली सील करून घ्यायचा असतो. तू भरलेली बाटली कोर्टात चालणार नाही. म्हणून ती भरायची नाही असं मात्र नाही. ती अधिकाऱ्याला जागं करते आणि आपल्याला खात्री देते. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घे, काठाचं पाणी न घेता धारेतलं घे, वीतभर खाली बुडवून तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धर, वेळ लिही, बर्फात ठेव आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचव. मोबाईलवर फोटो काढताना बंधारा ओळखू येईल असा काढ.

अधिकारी आले की पंचनाम्यावर गावातल्या दोघांच्या सह्या घ्यायला लाव. नमुना कुठल्या जागेवरचा आणि किती वाजताचा ते पंचनाम्यात लिहिलंय ना, हे सही करायच्या आधी वाच. आमच्या एका पंचनाम्यात जागा नुसती "नदीपात्र" एवढीच होती. आम्ही घाईत सही केली आणि पुढे त्या अहवालाचा काही उपयोग झाला नाही. अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कुणाला कुठे, किती, कसलं पाणी सोडायची संमती दिली आहे याची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि ज्याला त्या पाण्याची झळ लागते त्याला ती कामाच्या वेळेत बघता येते. तेही त्याच १९७४च्या कायद्यात आहे, कलम २५ मध्ये. आम्ही तिघी जाऊन बघून आलो. पहिल्यांदा टेबलापलीकडच्या माणसाला ते कलमच माहीत नव्हतं. आम्ही कायद्याचं पान सोबत नेलं होतं, ते पुढे ठेवलं.

प्रश्न : ताई, मी करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात राहते. आम्ही बायका पिढ्यान्‌पिढ्या नदीवर धुणं धुतो. आता ग्रामपंचायतीनं पाटी लावली आहे, धुणं धुणाऱ्याला दंड. गावाचं गटार मात्र त्याच घाटाच्या खाली नदीत पडतं. आमच्या साबणानंच नदी मरते का?

उत्तर : नाही वहिनी, तुमच्या साबणाने मरत नाही. डिटर्जंट पावडरीतला फॉस्फेट केंदाळाला आणि शेवाळाला खत होतो हे खरं. घरी धुणं धुवायची सोय असेल तर जरूर तिकडे वळावं, आणि ते पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडावं. पण पाटी गटाराच्या तोंडावर लावायला हवी होती. आजार येतो तो मैल्यातून. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती मैला मिसळलेल्या पाण्याची साथ होती. आता गावोगाव संडास झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण किती घरांच्या सेप्टिक टाकीचा पाइप मागच्या बाजूने गटाराला जोडलेला आहे, ते तुम्ही एकदा गल्लीतून फिरून मोजा. आम्ही मोजलं तेव्हा आमच्या सरपंचबाई स्वतः सोबत होत्या आणि तिसरंच घर त्यांच्या दिराचं निघालं. त्यांनी सगळ्यात आधी तो पाइप बंद करवला. मग बाकीच्यांना सांगायला तोंड मिळालं.

शहराकडे बोट दाखवायचं तेही दाखवू. जयंती नाला, दुधाळी नाला यांचं पाणी अडवून शुद्ध करायला कोल्हापुरात कसबा बावड्याला रोजचं ७६ दशलक्ष लिटरचं आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं केंद्र उभं आहे. ती केंद्रं रोज पूर्ण चालतात का, हे शहरातल्या लोकांनी विचारत राहायला हवं. पण प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत काठच्या कितीतरी गावांचं गटार थेट नदीत पडतंय, त्यांना कुठलंच केंद्र नाही.

दंडाची पाटी निघावी म्हणून भांडण्यापेक्षा तुम्ही बायकांनी ग्रामसभेत गटाराचा विषय लेखी द्या. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. सांडपाण्याचे सामुदायिक शोषखड्डे, सांडपाणी निवळायची स्थिरीकरण तळी अशी कामं त्यात बसतात. आपल्या गावाने त्यातून काय केलं, ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी आणि प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या पाचजणी कोण, ते शोधा. कदाचित त्यातली एखादी तुमच्याच शेजारी धुणं धूत असेल. पेटी कपाटात पडून असली तर बाहेर काढायला लावा. जिवाणू तपासायची छोटी बाटली असते, पाणी भरून उबदार जागी ठेवली आणि एक-दोन दिवसांत काळी पडली की त्या पाण्यात मैला आहे असं धरून चालायचं. मी ग्रामसभेत भाषण केलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. काळी पडलेली बाटली टेबलावर ठेवली तेव्हा सगळे उठून बघायला आले.

एक विनंती तुमच्या घरातल्या पुरुषांना. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे नदीत धुऊ नका. त्या धुवणाने पाण्यातले बारीक किडे आणि माशांची पिल्लं मरतात, आणि हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

प्रश्न : मी नववीत आहे. नदीला वास येतो तेव्हा त्यात टीसीएल पावडर टाकली तर पाणी शुद्ध होईल का? आमच्या वर्गाने पैसे जमवले आहेत.

उत्तर : टाकू नका बाळांनो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती पिण्याच्या टाकीतल्या आधीच गाळलेल्या पाण्यासाठी असते. घाणीने भरलेल्या नदीत तिचा क्लोरीन घाणीवरच खर्च होऊन जातो आणि जिथे जास्त पडेल तिथे मासे मारतो. जमवलेल्या पैशांतून एक तापमापक, पीएचच्या पट्ट्या आणि एक पांढरी थाळी घ्या. थाळीत काठच्या दगडाखालचं पाणी ओता आणि हलणारे जीव मोजा. नुसत्या लाल बारीक अळ्या वळवळत असतील तर तिथे ऑक्सिजन कमी असण्याचा संभव मोठा. तीन शेपट्यांच्या चपळ अळ्या दगडाला चिकटून दिसल्या तर पाणी बरं आहे. पाण्यात उतरताना मोठं माणूस सोबत हवंच, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. विंकलरच्या प्रयोगातलं आम्ल मात्र सरांच्या हातात राहू द्या.

प्रश्न : बाई, तुमचं सगळं पटतं. पण आमच्याकडे नदीत पाणी सोडणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, त्या सहकारी साखर कारखान्याचा मी सभासद आहे. माझा ऊस तिथंच जातो. तक्रार केली तर ऊसतोड मिळणार नाही, अशी भीती घरचे घालतात. आपल्याच कारखान्याविरुद्ध कसं जायचं?

उत्तर : तुमचं पत्र मी दोन दिवस उशाशी ठेवलं होतं, कारण आमच्या घरातही हेच झालं आहे. माझ्या यजमानांचा शेअर आहे. पाण्याला मळीचा वास आला त्या वर्षी मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले. ऊस शेतात उभा होता, तोड डिसेंबरात यायची होती. त्या हिवाळ्यात घाटावर मेलेल्या शिंगट्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आणि वहीत लिहिल्या नाहीत. वहीतली ती पानं कोरी आहेत.

मळी म्हणतो तेव्हा आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक, रस गाळल्यावर उरणारी घट्ट मळी, ती शेतात खत म्हणून चालते. दुसरी, आसवनीतून म्हणजे डिस्टिलरीतून निघणारं गडद तपकिरी पाणी. घरगुती सांडपाण्याची ऑक्सिजन खायची ताकद, ज्याला बीओडी म्हणतात, लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. आसवनीच्या कच्च्या पाण्याची चाळीस हजारांच्या घरात जाते. एक टँकर ओढ्यात रिकामा झाला तर एका मोठ्या गावाचं गटार एका रात्रीत सोडल्यासारखं होतं. म्हणूनच आसवनीने यातला एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, आटवून जाळायचं किंवा मळीत मिसळून खत करायचं, असा नियम आहे. ते साठवायच्या तलावाला गळती लागली किंवा पावसात तो भरून वाहिला की घात होतो. त्यासाठी कुणाच्या मनात वाईटच असायला लागतं असं नाही. दुर्लक्ष पुरतं.

विरुद्ध जायचं म्हणता, पण तुम्ही मालक आहात. शेअर तुमचा आहे, म्हणून प्रश्नही तुमचा. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. किती दिवस आधी लेखी प्रश्न द्यायचे ते नोटिशीत छापलेलं असतं. ती नोटीस उसाच्या पावत्यांखाली दाबून ठेवू नका. एकट्याने प्रश्न देऊ नका, तोडीची भीती एकट्यालाच असते. आम्ही सतरा सभासदांच्या सह्या गोळा केल्या. त्यातले अकरा नदीच्या खालच्या अंगाचे होते, त्यांना समजवावं लागलंच नाही. प्रश्न अगदी साधे ठेवले. आसवनीचं पाणी साठवायच्या तलावाची क्षमता किती, आज किती भरला आहे, बांधाची शेवटची डागडुजी कधी झाली, सांडपाणी शुद्धीकरणावर गेल्या वर्षी किती खर्च झाला. आरोप एकही नाही.

सभेत थोडा आवाज चढला. एकाने मला "बाई, शाळा सुटली आता" असं ऐकवलं, आणि मागून तिघांनी त्यालाच खाली बसवलं. ते तिघंही माझे विद्यार्थी. शेवटी अध्यक्षांनी दहा सभासदांना तलाव दाखवायचं कबूल केलं. ऑक्टोबरात आम्ही गेलो. ओढ्याकडच्या बाजूला बांध ओलसर होता, खाली गवत करपलेलं होतं, आणि तिथल्याच एका कामगाराने हळू आवाजात सांगितलं की तीन वर्षं असंच आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्या बाजूला नवा भराव आणि अस्तर झालं. आमची तोड ठरल्या वेळेला आली. सतरांपैकी एकाची तीन आठवडे लांबली. मुद्दाम लांबवली की नाही ते आम्हाला ठरवता आलं नाही. पण आम्ही चौघं त्याच्यासोबत शेतकी अधिकाऱ्याकडे जाऊन बसलो, तेव्हा टोळी आली.

यंदाची नोटीस तुमच्या घरी साधारण सप्टेंबरात येईल. त्याआधी तुमच्या गावच्या खालच्या अंगाला कोण कोण सभासद आहेत त्यांची नावं काढून ठेवा. आमच्या प्रश्नांची प्रत हवी असेल तर अंकाच्या कचेरीच्या पत्त्यावर चिठ्ठी टाका, मी टपालाने पाठवते.